आमच्या रानातली पांढरी

मास्तर, परवा शेतातला चर उपसून घेतला. नातू म्हणाला, पाइप टाकून बुजवू. मी म्हटलं, मी आहे तोवर उघडाच राहील. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

पस्तीस-छत्तीस साल असेल, मी चौथीत होते. बारामतीहून तुम्ही आम्हाला कालव्याखालची पाणथळ दाखवायला नेलंत. लव्हाळ्यात बगळे, गुडघाभर चिखल आणि पलीकडच्या उंचवट्यावर उठून गेलेल्या गावाची पांढरी. गाव जातं, त्याची राख-माती राहते, म्हणून ती माती पांढरी, असं तुम्ही सांगताय आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. आमच्या रानातही तशीच माती होती, दोन वर्षं तिथं जोंधळा धरत नव्हता. मी सांगून टाकलं, आमच्या रानाखाली जुनं गाव आहे. तुम्ही हसला नाहीत. सगळा वर्ग घेऊन आमच्या बांधावर आलात, चिमूटभर माती माझ्या हातावर ठेवलीत. "आधी जीभ लाव, मग बोल." खारट लागली. कालव्याचं पाणी झिरपून मीठ वर आलं होतं. माझं तोंड एवढंसं झालं. तुम्ही काठीनं ओढ्यापर्यंत रेघ मारलीत आणि माझ्या वडिलांना, आबांना, म्हणालात, "इथून चर खणा, नाहीतर हे रान गेलंच म्हणून समजा." आबा म्हणाले, "मास्तर, पाट आला म्हून हितं पीक दिसलं. दारात आल्याली लक्षुमी चर खणून घालवू व्हय? जमायचं न्हाय." जाताना तुम्ही माझी समजूत काढायला खऱ्या पांढरीवरचं एक नक्षीचं खापर दिलंत. जपून ठेव म्हणालात.

मी ते जपलं नाही. आबांचा स्वभाव मला ठाऊक होता, आणि रान तर जाऊ द्यायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी खापर दगडानं फोडलं, पुरेना म्हणून आईचं एक फुटकं गाडगंही फोडलं, आणि तुकडे तुमच्या रेघेवर थेट ओढ्यापर्यंत पुरले. पहिला मीच उकरून आबांच्या हातात दिला. "आबा, खाली गाव हाय. धनाचा हंडा असंल." लक्ष्मी जाईल म्हणून चर नको म्हणणारा माणूस हंड्यासाठी कुदळ घेऊन उतरला. एक तुकडा निघाला की मी पुढच्याकडं बोट दाखवायची. कंबरभर खोल चर ओढ्याला जाऊन लागला. हंडा कुठला निघायला, पण खारं पाणी निघून गेलं, आणि तिसऱ्या वर्षी जोंधळा माझ्या डोक्यावर गेला.

चर बघायला तुम्ही आलात. आबांनी कौतुकानं तुकडे दाखवले. तुम्ही एक निरखलात, वहीत टिपून घेतलंत, आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मी चुकलो पोरी. तुझंच खरं."

तुम्ही चुकला नव्हतात. वहीतली ती ओळ खोटी आहे, आणि तुम्ही निरखलात तो तुकडा तर आमच्या गाडग्याचा होता. पुढं तुमची बदली इंदापूरला झाली, तरी इंदापूर काही लांब नव्हतं. आबा चर बुजवतील म्हणून सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण आबा तुमच्या आधी गेले. खरं एवढंच की तुम्ही मला "तुझंच खरं" म्हणाला होतात, आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.