मागे केलेला हात

कुडवा, ४ ऑगस्ट २०२५

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात वेणी घालताना मी न बघता हात मागे करायची आणि तू त्यात रिबन ठेवायचीस. रुसलेली असलीस तर ओली ठेवायचीस, पण ठेवायचीस.

आमच्या प्रसूतिगृहात बावीस वर्षं तशी मागे सुशिलाबाई होती. साधी अटेंडंट, पण हात मागे केला की हवं ते हातात यायचं. जूनमध्ये मी आणि नवी सिस्टर रुची नागपूरला पाच दिवस प्रशिक्षणाला गेलो. बाळ रडलं नाही तर कुणी कुठे उभं राहायचं, याचा तक्ता घेऊन आलो. त्यात तीन जागा: डॉक्टर, मी, रुची. सुशिलाबाई दाराबाहेर उभी राहू लागली.

परवा कामठ्याच्या एका मुलीचं बाळ रडलं नाही. डॉक्टर बाळंतिणीकडे बघत होते. माझा हात सवयीने मागे गेला. श्वास द्यायची पिशवी घेऊन रुची समोर होती, तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर, मी सांगायची वाट बघत. मी मागे हात धरून उभी. बाळ गेलं.

असली प्रशिक्षणं देऊन हे साहेब लोक काय मिळवतात?

तुझी,
ताई

रायपूर, ११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. समोरचा चहा तसाच गार झाला.

रागावू नकोस, पण एक विचारते. मे महिन्यात तूच फोनवर म्हणाली होतीस की नागपूरसाठी तीन नावं मागवली आहेत आणि ती तुलाच द्यायची आहेत. गेलात तर दोघीच. तिसरं नाव कुणाचं होतं? आणि सुशिलाबाई दाराबाहेर आपणहून गेली का?

जेवत जा. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

दामिनी

कुडवा, १९ ऑगस्ट

चि. दामिनीस आशीर्वाद.

तिसरी जागा मी रिकामी ठेवली. सुशिलाबाईला वाचता येत नाही, वर्गात तिची फजिती होईल, असं मनाला सांगितलं. खरं तर तिच्या शेजारी बसायची मलाच लाज वाटली. बाहेर उभी राहा, हेही मीच सांगितलं. डॉक्टर म्हणतात, बाळाचं तसंही कठीणच होतं. मी त्यामागे लपत नाही.

रविवारी दवनीवाड्याला तिच्या घरी गेले. तिने चहा ठेवला, शेतात भाताची रोवणी कशी झाली ते सांगितलं. मग एवढंच म्हणाली, "मले काऊन नाई नेलं, सिस्टर? वाचता येत नाई, पाहता तं येते."

तक्त्यावर मी पेनने चौथी जागा काढली आहे. रोज दुपारी रुची आणि ती दोघी मिळून सराव करतात. मी कोपऱ्यात बसून बघते. आधी शिकवलं असतं तर, एवढंच मनात येतं.

या चुकीसकट मला आपली म्हण.

३१ तारखेला माझी निवृत्ती. तू येशीलच, तेव्हा माझ्या इथल्या वस्तू तूच वाटून दे, माझ्याने होणार नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ रुचीला. माझं कपाट आणि त्याची किल्ली सुशिलाबाईला. त्या गेलेल्या बाळाचं पिवळं टोपडं आमच्याकडेच राहिलं होतं, त्याच्या आजीने ते परत मागितलं आहे. त्याला मात्र हात लावू नकोस. ते कामठ्याला मी नेणार आहे. सुशिलाबाई सोबत येते म्हणाली.

ताई