पाच फायलींतला एकच पंप

बाई, आधी बातमी सांगतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्याल आणि पुढचं नीट ऐकाल. तुमच्या ह्या विद्यार्थ्याला पोरांना नोकऱ्या लावून द्यायच्या कामावर नेमलं आहे. मला स्वतःला नोकरी लागली तेव्हा तुम्ही ऑर्डर दोनदा उलटून पाहिली होती. तोच मी आता अक्कलकुव्याच्या कॉलेजात कंपनीच्या माणसापुढे कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, हे शिकवतो. संस्कृत विभागाची पाटी दारावर अजून आहे, विभागप्रमुखही मीच आहे, फक्त विभाग उरलेला नाही. यंदा एकही प्रवेश झाला नाही. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला तेव्हाच मला शंका आली. म्हणाले, "सर, तुमच्याकडे वेळच वेळ शे. प्लेसमेंटचं तुम्हीच बघा." आणि मग ते पोर्टफोलिओचं प्रकरण गळ्यात पडलं. पोर्टफोलिओ म्हणजे काय, तर आपल्याला काय काय येतं त्याची पुराव्यासकट फाइल. केलेल्या कामांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली आपण स्वतः काय केलं त्याच्या चार ओळी, शेवटी कुणा जाणत्याचा अभिप्राय. ती चाळून कंपनी ठरवते की हे पोरगं उद्यापासून कामाला लावता येईल की नाही. अहवालासाठी ह्याला मराठी शब्द काढा म्हणाले. मी दोन दिवस खपून 'कौशल्यसंचयिका' काढला. प्राचार्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "उदबत्तीचं नाव वाटतं, सर. पोर्टफोलिओच ऱ्हाऊ द्या."

आमच्याकडे सौर पंपाच्या दुरुस्तीचा एक छोटा कोर्स सुरू झालाय. त्यात मोलगीच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यावरची पाच पोरं आहेत, चार मुलगे आणि एक मुलगी. एका पंपाच्या कंपनीला ह्या पट्ट्यात हिंडून दुरुस्ती करायला एक माणूस हवा होता. एकच. पाचही जणांनी फायली आणून दिल्या. मी पहिली उघडली, खूष झालो. दुसरी उघडली. तिसरीपर्यंत माझा आवाज चढला होता. पाचही फायलींत तोच पंप, तीच विहीर, तेच फोटो, आणि प्रत्येक फोटोत निम्मा पाडा. दोराला दहा-बारा माणसं लटकलेली, पाइपावर म्हाताऱ्या बसलेल्या, आणि कडेला एक बकरी. मी विचारलं, "ही एकाची फाइल चौघांनी उतरवलीय का?" मुलगी उठली. ती फार बोलत नाही, पण बोलली की पुढचं वाक्य आपल्याला सुचत नाही. म्हणाली, "सर, काम एकच होतं."

"पण ते केलं कुणी?"

"सगळ्यांनी."

"अगं, मोटरची जळलेली वायर कुणी शोधली?"

"मी. पण मोटर वर आली म्हणून सापडली. वर ह्यांनी ओढली."

मी म्हटलं, ठीक, वाटून घ्या. हिनं वायर, ह्यानं पॅनल, त्यानं कंट्रोलर. प्रत्येकानं आपापलं लिहा. तेव्हा त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "सर, मग ही वायर जोडत होती तेव्हा आम्ही काय करत होतो, झोपलो होतो असं लिहायचं?" सगळा वर्ग हसला. मला हसता आलं नाही, बाई. दिवाळी झाली की ठेकेदाराचा ट्रक पाड्यावर येतो आणि ह्या मुलीचं घर गुजरातेत ऊसतोडीला निघतं. नोकरी लागली तर ती मागे राहील, नाही लागली तर तीही ट्रकमध्ये बसेल. कोयता हातात आला की पुढच्या वर्षी कोर्स नसतो, फाइलही नसते. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि तरी तिला एक वाक्य स्वतःच्या नावानं लिहवत नव्हतं. मी चिडलो. घरी येऊनही चिडलेलाच होतो. चिडायचं नेमकं कुणावर, ते ठरेना.

तेव्हा तुमचं स्वयंपाकघर आठवलं. नंदुरबारचं, मागच्या दाराचं. तुम्ही चुलीकडे तोंड करून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता आहात, माझ्याकडे पाठ, आणि मी उंबऱ्याशी बसून शब्दरूपं म्हणतो आहे. चूक झाली की तुम्ही वळत नाही, नुसता हात थांबतो. तेवढ्यात तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपते आणि मग ती मलाच वाढली जाते. माझं संस्कृत सुधारलं ते बहुधा पोटाच्या भीतीनं. एकदा मी नवी वही घेऊन आलो होतो. तांबड्या शाईचा समास, एक खाडाखोड नाही, रूपं अशी ओळीत मांडलेली की मलाच तिच्यावरून नजर काढवत नव्हती. पीठ लागलेल्या बोटांनी कोपरा धरून तुम्ही ती पाहिली आणि फडताळावर डब्यामागे सारून दिलीत. "वही झकास शे. तिले बसू दे तठे. आते तू म्हन." मी अर्ध्यात अडकलो. तुम्ही म्हणालात, "नोकरी वहीले नही लागनार भाऊ, तुले लागनार शे." वर्गात शुद्ध, प्रमाण, जोडाक्षरांसकट बोलणाऱ्या तुम्ही रागावायला लागलात की अहिराणीत यायचात, आणि त्या रागापुढे माझा एकही विसर्ग टिकायचा नाही. आज मी ह्या पोरांना रोज सांगतो, फाइल झकास करा. बाई, मी त्या डब्यामागच्या वहीच्या धंद्यात शिरलोय.

मग कंपनीचा माणूस आला. माणूस वाईट नाही, सुरतेकडचा, चहा बशीत ओतून पितो. पाच फायली बघून तो म्हणाला, "सर, ये तो सब सेम है." मी समजावलं आणि त्या मुलीला पुढे केलं. पाच मिनिटं तिच्याशी बोलल्यावर तो माझ्याकडे वळला. "लड़की ठीक है. पर मेरे को ऊपर फाइल भेजनी पड़ती है. आप लेटरहेड पे लिख के दो कि मोटर का काम इसने अकेले किया. मैं ले लूँगा." बाहेर पोरं उभीच होती. मी सांगितलं. चौघांपैकी एक लगेच म्हणाला, "लिहा ना सर. आम्ही कुठं सांगायला जातोय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. नोकरी त्यांनाही हवी होती, आणि तीच ते देऊन टाकत होते. मुलगी मात्र म्हणाली, "असं लिहू नका सर. मोलगीच्या बाजारात सगळे भेटतात मला."

आता माझी हुशारी ऐका. मी ठरवलं, वाक्य खोटं आहे ना, मग ते खरं करू. कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला, जीपमध्ये चौघांच्या जागेत सहावा बसलो आणि वर गेलो. म्हटलं, हिनं एकदा सगळं एकटीनं करून दाखवावं, मी फोटो काढतो, झालं. पाड्यावर पोचलो तर काम आहे असं कळून माणसं आधीच जमलेली. मी हात जोडले, "सगळे बाजूला व्हा. हिला एकटीला करू द्या." तिच्या बापानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जसं आपण उन्हातून आलेल्या माणसाकडे पाहतो. मग खाट टाकली, पाणी दिलं आणि थांबत थांबत, जुळवलेल्या मराठीत म्हणाला, "सर, ती लाह होती." लाह म्हणजे त्यांच्यात एका घरचं काम सगळ्या पाड्यानं मिळून उरकायचं. मजुरी नाही, ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. मी म्हटलं, ते कळलं हो, पण कुणी काय केलं एवढंच सांगायचं आहे. तो म्हणाला, "लाहेत ते विचारत नाही. एकदा विचारलं, तर पुढच्या वेळी कोणी येत नाही." आणि मग पाड्यावर कुणाचं घर उभं राहणार नाही, कुणाची मोटर वर येणार नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मला कळायला पाहिजे होतं असा त्याचा चेहरा होता.

मोटर एकटीनं वर ओढता येत नाही, हे मला विहिरीत डोकावल्यावर समजलं. तुम्ही म्हणाल, ह्यासाठी मोलगीपर्यंत जायची काय गरज होती. मग मी कंट्रोलरवर, म्हणजे पंपाच्या विजेच्या पेटीवर आलो. ती उंच खांबावर आहे. तिनं शिडी लावली, टेस्टर दातांत धरला आणि चढली. शिडी हलायला लागली. सगळ्यांना मी हटवलेलं, जवळ मीच. मी मोबाइल तिच्या धाकट्या बहिणीकडे दिला आणि शिडी धरली. तर बाई, त्या मुलीचा एकटीचा म्हणून जो एकमेव फोटो आहे, त्यात खाली तुमचा विद्यार्थी आहे. टोपी तिरकी, तोंड उघडं, दोन्ही हातांनी शिडीला मिठी. दुपारी भगरीचा भात आणि उडदाची डाळ वाढली. मी पैसे द्यायला गेलो तर घरातली म्हातारी खो खो हसली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मुलीनं सांगितलं, "तुम्ही शिडी धरली ना, म्हणून जेवण आहे." म्हणजे मीही लाहेत धरला गेलो होतो. फोटोखाली मी काय काय केलं ते आता कुणीच विचारणार नाही, ह्याचं, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

तरी पत्र लिहायचं राहिलंच होतं. लेटरहेड पुढे घेऊन विभागाच्या रिकाम्या खोलीत बसलो. 'हिने हे काम एकटीने केले.' एवढंच वाक्य, ट्रक येण्याआधी. मनाची समजूत घालत होतो की व्यवहारात असं चालतं, सगळे लिहितात. आणि तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आठवलं. मला पहिल्या नोकरीसाठी शिफारस हवी होती. बाकी उमेदवारांकडे पानभर विशेषणं होती, कुशाग्र काय, विनयशील काय, चारित्र्यसंपन्न काय. तुम्ही परातीवर पोस्टकार्ड टेकवून एका ओळीत आटोपलंत: 'ह्याला समोर बसवा, मधूनच कुठलंही विचारा, आणि ऐका. मग ठरवा.' मी बाहेर पडताना तुमच्या दाराची कडी मुद्दाम जोरात लावली होती. इतक्या वर्षांच्या करपलेल्या भाकऱ्या खाऊन एक विशेषणसुद्धा नाही! मुलाखतीत त्यांनी ते वाचलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मला मधूनच विचारलं. बाकी कुणाला विचारलं नाही. विशेषणं वाचून त्यांचं आधीच समाधान झालं होतं.

मग मी लेटरहेडवर लिहिलं: 'हिला एक बिघडलेला पंप द्या, मदतीला माणूस द्या, आणि बघत बसा. मग ठरवा.' वाक्य एकटीचं नव्हतं, खोटंही नव्हतं. दोन दिवस काही उत्तर नाही. मी पुन्हा चिडलो, ह्या वेळी तुमच्यावर. म्हटलं, बाईंच्या वेळेला पोस्टकार्डावर नोकरी लागत असेल, आता फोटो लागतो. तिसऱ्या दिवशी फोन आला. "भेज दो सर. बिगड़े पंप की तो कमी नहीं हमारे पास. एक आदमी साथ में." मी धावत वर्गात गेलो, तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, मागच्या बाकावरच्या चौघांकडे पाहिलं आणि काळजीनं म्हणाली, "एकच, सर? मोटर वर ओढायला?"

ती सोमवारी जाणार आहे. पुढचं काय होईल ते माहीत नाही, त्यामुळे तुम्हाला आत्ताच लिहितोय. निकाल वाईट लागला तर लिहायचं मन होणार नाही. तुम्हाला पाठवायला आता पत्ता उरलेला नाही, म्हणून हे कागद मी विभागाच्या कपाटात ठेवीन, तिथे कुणी हात लावत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. कंपनीला लिहिलेलं ते पत्र प्राचार्यांनी पाहिलं, सही माझी एकट्याचीच होती. त्यांना फार आवडलं. म्हणाले, "वा सर! भाषा तुमची स्वतःची का?" मी हो म्हणालो.