डाव्या कानाची खूण

॥ श्री ॥

लोणी, ता. आंबेगाव
१४ जून १९९८

ती. भाऊस,
आशाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आबांचा गुडघा बरा आहे आणि मेंढरं कातरून झाली, हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे शाळा सुरू झाली. माझ्या चौथीच्या वर्गात बावन्न मुलं आहेत आणि बाकं वीस.

आता खरी बातमी. तीन वर्षं मी लिहीत होते ते ‘सातवा तळ’ पुण्याच्या एका प्रकाशकांना आवडलं. आपल्या आबांचं, मेंढरांचं, दिवाळीनंतर माळशेज उतरून आपण कोकणात जायचो त्या दिवसांचं पुस्तक. घाटाखाली सातव्या मुक्कामाच्या तळावर मी जन्मले, म्हणून ते नाव. त्यांनी मला बोलावून चहा पाजला. सगळा खर्च तेच करणार. पुस्तक दुकानांत जाईल, वाचनालयांत जाईल, पेपरात त्यावर लिहून येईल. माझ्यासारख्या नवख्या बाईला याहून काय पाहिजे?

पण त्यांच्या दोन अटी आहेत. आबा एकेका मेंढीचं नाव, तिच्या आईचं, आजीचं नाव सांगतात ते प्रकरण काढायचं. वाचक कंटाळेल म्हणे. आणि आबांना जरा गरीब करायचं. खतासाठी शेतात मेंढरं बसवायला बोलावून शेतकरी उर्मट बोलला, तेव्हा आबा मांडलेला तळ मोडून निघाले ना, तिथे त्यांनी हात जोडावेत असं त्यांना हवं आहे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे, तुमचा बाप फार ताठ आहे, असं म्हणाले.

दुसरा रस्ता म्हणजे आपणच छापणं. मंचरला गेणभाऊंचा छापखाना आहे, आमच्या शाळेचं काम तेच करतात. पण आपण छापलेल्या पुस्तकाला कुत्रं विचारत नाही, असं इथले गुरुजी सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत उत्तर द्यायचं आहे. आबांना काही न सांगता तुझं मत कळव.

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आशा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

राजुरी, ता. जुन्नर
२८ जून १९९८

चि. सौ. आशास,
सावळेरामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आईने शेजारीपाजारी साखर वाटली. कशाबद्दल ते तिला नीट सांगता येईना, पण साखर सगळ्यांनी खाल्ली.

माझं मत विचारतेस तर पुण्याला हो म्हण. आपलं आपण छापायचं ते लग्नपत्रिकेत शोभतं. गेणभाऊ तुझ्या पुस्तकावर गणपती छापतील आणि खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असंही टाकतील. आबांनी हात जोडले तर कागदावरच जोडतील ना? मी सातवी करून मेंढरांमागे गेलो आणि तुला शाळेत राहू दिलं. आता तुझं नाव पुण्याच्या दुकानात दिसू दे. तेवढी माझी हौस आहे, दुसरं काही मागत नाही.

पण एक चूक झाली. तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि आबा दाराआड दोर वळत बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकरांच्या डाव्या कानाला आपला तिरका काप देत होते. चुकलेलं मेंढरू त्या कापावरून घाटाखालच्या लोकांनीही घरी आणून घातलेलं तुला आठवत असेल. काप देता देता मला विचारलं, पुस्तकावर खूण कोणाची येणार. मी म्हटलं, प्रकाशकाचं नाव असतं. तर म्हणाले, “मंग पोरीनं मेंढरं राखली कुनाची?”

याचं उत्तर तुझ्यावर सोपवतो. तुला आलं तर बघ. पावण्यांना नमस्कार सांग. सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असा.

तुझा,
भाऊ

॥ श्री ॥

लोणी
३ नोव्हेंबर १९९८

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. काल पुण्याला जाऊन मी नाही म्हणून आले.

पत्राने कळवता आलं असतं, पण मला ते तोंडावर सांगायचं होतं. बोलताना पर्स घट्ट धरून ठेवली होती. ते गृहस्थ भले आहेत, चिडले नाहीत. नवीन लेखकांना सुरुवातीला असंच वाटतं, पाच वर्षांनी तुम्हाला माझं पटेल, एवढंच म्हणाले. पटेलही कदाचित. पण आबांचे हात मी जोडले असते तर राजुरीला कुठल्या तोंडाने आले असते?

तुझी हौस मोडली याचं मात्र वाईट वाटतं. तू सातवीत पहिला आला होतास हे मी विसरलेले नाही. म्हणून पुस्तक तुलाच अर्पण केलं आहे, ते आता सांगून टाकते.

मनाशी ठरलं होतं, म्हणून काम दसऱ्यालाच गेणभाऊंना दिलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. फक्त लग्नपत्रिकांच्या सवयीने पहिल्या पानांत प्रत्येक नावाआधी ‘चि.’ लावलं होतं. आपली कबरी मेंढीसुद्धा चि. कबरी झाली होती. ते सगळे चि. मी तीन रविवार बसून काढले. मुखपृष्ठ घोंगडीसारखं काळं आहे, गणपती नाही. पाचशे प्रती निघतील. आमच्या दोन खोल्यांत त्या मावणार नाहीत, म्हणून टेम्पोने तुमच्याकडे पाठवते. उंदरांपासून जपा. आणि पहिली प्रत आबांच्या हातात दे. वाचता येत नसलं तरी चालेल, त्यांनी नुसती धरावी.

तुझी,
आशा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

राजुरी
११ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. आशास अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव.

पुस्तकं मंगळवारी आली. मी पहिली प्रत आबांच्या हातात दिली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला, डोक्याला लावली. अर्पणाच्या पानावर माझं नाव मीच त्यांना वाचून दाखवलं आणि पुढचं मला वाचवेना. मग मी कांद्याच्या कामाने तीन दिवस ओतूरला अडकलो.

परत आलो तर आबा ओट्यावर बसलेले, हातात लोकर कातरायची कातर, आणि भोवती तुझी पुस्तकं. पाचशेच्या पाचशे पुठ्ठ्यांचा वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला. मी कपाळावर हात मारला. त्यांनी मला शांतपणे समजावलं की खूण केल्याशिवाय जनावर घराबाहेर सोडत नसतात. मी म्हटलं, आबा, निदान डावा कोपरा तरी कापायचा, आपली खूण डाव्या कानाची. तर पुस्तक माझ्यापुढे उभं धरलं आणि म्हणाले, “त्ये तुझ्याकडं तोंड करून हुबं हाय. त्याचा डावा त्योच.”

त्यात तर काही चूक नाही. आतली पानं शाबूत आहेत, नुसता पुठ्ठा गेला. आई म्हणते पोरीला कळवू नको. पण किती दिवस लपवणार? दोष माझा आहे, मी जायला नको होतं. पुठ्ठे पुन्हा बसवता येत असतील तर या खेपेचे कांदे त्यासाठी ठेवतो. रागावलीस तर माझ्यावर रागाव, म्हाताऱ्यावर नको. ते तीन दिवस फार खुशीत होते.

तुझा,
भाऊ

॥ श्री ॥

लोणी
२० मार्च १९९९

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

रडले. खोटं कशाला सांगू. तुझं पत्र आलं तो सबंध दिवस रडले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांवर उगाच ओरडले. तुझ्याकडून आणवलेल्या प्रतींपैकी पन्नास तशाच पुण्याच्या दुकानात दिल्या, त्या ‘मुखपृष्ठ फाटलेले’ अशा चिठ्ठीसकट परत आल्या. ते गुरुजी म्हणत होते तसंच झालं, असं वाटलं.

मग त्यातली एक प्रत मी टेबलावर उभी केली आणि बघत बसले. ती खरंच माझ्याकडे तोंड करून उभी होती रे. आपल्या कळपातली मेंढी उभी असते तशी. नवीन पुठ्ठे नकोत. कांदे विकून आईला चष्मा कर.

गेणभाऊंकडून एक चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक पुस्तकात घातली. ‘हा काप चुकून पडलेला नाही. ही आमच्या घरची खूण आहे. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केली आहे.’ बस, एवढंच. तेव्हापासून शाळांतून, वाचनालयांतून मी स्वतः पुस्तक घेऊन फिरते आहे. आहुप्याच्या शाळेतल्या मुलांनी चार प्रती घेतल्या आणि चारही कोपरे बोटांनी चाचपून पाहिले.

आबांना सांग, खूण बरोबर कानाला आहे.

तुझी,
आशा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

राजुरी
६ जून २०००

चि. सौ. आशास अनेक आशीर्वाद.

प्रती संपल्या आणि पुण्याचे तेच प्रकाशक आता एक शब्द न बदलता दुसरी आवृत्ती काढतो म्हणतात, हे वाचून मी गावातून दोन चकरा मारल्या. काही काम नव्हतं, नुसत्याच मारल्या. हो म्हणू की पुन्हा मंचरला छापू, असं तू विचारतेस. त्याआधी इथे काय झालं ते ऐक.

रविवारी दुपारी पारनेरकडचा भिमाजी आला. आपल्यातलाच मेंढपाळ, कोकणातून कळप घेऊन घाट चढून आलेला. त्याचा बाप आबांच्या ओळखीचा होता. खांद्यावरच्या घोंगडीतून त्याने तुझं पुस्तक काढून आबांपुढे ठेवलं. घाटाखालच्या टपरीवर भजी बांधायच्या रद्दीत पडलं होतं. निम्मी पानं गेलेली. भिमाजीला अक्षर वाचता येत नाही. पण कोपरा दिसला आणि त्याने आबांचं नाव घेऊन टपरीवाल्याला बजावलं की हे राजुरीच्या जानकूचं आहे, याला हात लावू नको. तिथून इथवर चार मुक्काम त्याने ते जपून आणलं. रद्दीचं वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही आधी वाटलं होतं.

आबांनी कापावरून अंगठा फिरवला आणि मला वाचायला बसवलं. मेंढ्यांच्या नावांचं प्रकरण शाबूत होतं, ते वाचलं. भिमाजी मान डोलवत ऐकत होता. कबरीपाशी आलो तसा त्याने मला थांबवलं. म्हणाला, “कबरी तुमच्या ढवळीची लेक न्हाई. आमच्या कळपातली व्हती, माज्या बापानं दिल्याली.” आबांची चूक कोणी काढलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ते बोटांवर मेंढ्या मोजत बसले. मग म्हणाले, “खरं हाय. पोरीला लिही, माजं चुकलं म्हनून.”

भिमाजी निघाला तेव्हा आबा गुडघा धरून ओट्यावरून उतरले आणि त्याला दोन्ही हात जोडले. त्या प्रकाशकांना हवे होते तेच हात. पुस्तकात घालायचे तर आता घाल, मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि आपणच छापलेलं ते लग्नपत्रिकेसारखं, असं मी लिहिलं होतं, तेवढं पत्र फाडून टाक.

पुण्याला छाप नाहीतर मंचरला, तुझं तू ठरव. कबरीचं दुरुस्त कर. फक्त प्रती आधी राजुरीला येऊ देत. आबांनी कातरीला धार लावून ठेवली आहे.

घरचे सगळे तुझी वाट पाहतात.

तुझा,
भाऊ