सह्याद्री लागत नाही

उस्मानपुरा, औरंगाबाद
२ मे २०१६

चि. हिमांशूस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दिवाळीत टीव्हीला जोडून दिलेल्या कॉम्प्युटरनं मला बेजार केलंय बाबा. सिनेमे झकास लागतात, खाली अक्षरं येतात, मला बहिरीला सगळं कळतं. पण अँटेनावरचं सह्याद्री लागत नाही. चॅनलचा शोध लावला की कधी पाचही चॅनल सापडतात, कधी एकही नाही. आज छान, उद्या ठणठणाट.

म्हणशील, एवढी कसली घाई? तर ऐक. आपली चारुता बावीस तारखेला, रविवारी सकाळी अकरा वाजता सह्याद्रीवर येणार आहे! फर्दापूरकडच्या विहिरींची पातळी ती सरकारसाठी मोजते, त्याबद्दल बोलणार आहे. तिचं पत्र शेजारच्या चंपाबाईंच्या पत्त्यावर आलं. तिच्या नवऱ्याचं, राजेंद्रचं घर बौद्ध, एवढ्यावरून तुझ्या काकांनी चार वर्षांपूर्वी लेकीचं नाव या घरात बंद केलं, ते तू जाणतोसच. मार्चमध्ये त्यांच्या छातीत दुखून गेलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. एकदा, फक्त एकदा त्यांनी तिचा चेहरा बघावा. मुद्दाम बोलावलं तर येणार नाहीत. पण समोर ती दिसली तर खुर्चीतून उठणारही नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. चंपाबाईंकडे जाऊन मी एकटीनं बघण्यात काय अर्थ?

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि उचलतात ते. माया आहेच, उत्तरही येऊ दे.

तुझी यमुनाआत्या

*

पुणे
६ मे २०१६

ती. सौ. आत्यास हिमांशूचा शि. सा. नमस्कार.

आधी एक कर, परत परत शोध लावू नकोस. रिकामा शोध झाला की आधी सापडलेली यादीही पुसली जाते. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागची अँटेनाची वायर हातानं घट्ट पिळून बसव. मग रोज सकाळी अकराला सिग्नलचं पान उघड, शंभरपैकी किती आकडा दिसतो तो लिहून ठेव आणि मला कळव. त्या दिवशी घरात काय काय झालं तेही लिही, फालतू वाटलं तरी.

दिवाळीत तुमच्या समोर सात मजली इमारत उठताना पाहिली होती, तिनंच टीव्हीचा टॉवर अडवला असेल असं आधी वाटलं. पण मग रोजच अडायला हवं. इमारत काही एक दिवस उभी आणि एक दिवस बसलेली नसते. कॉम्प्युटरवर ओरडू मात्र नकोस. तोही काकांसारखाच, मनात आलं तरच बोलतो.

काकांना नमस्कार सांग, जमलं तर. तुझा लोभ आहे म्हणून माझं बरं चाललंय.

हिमांशू

*

उस्मानपुरा
१३ मे २०१६

चि. हिमांशूस अनेक आशीर्वाद.

वायर पिळली, नख तुटलं. आकडे असे. नऊ तारखेला सत्तर, चित्र लख्ख. दहाला नळाला पाणी आलं, माझं ढीगभर धुणं निघालं, तरी ओल्या हातानं अकरा वाजता बघितलं तर शून्य. अकरा तारखेलाही शून्य. बाराला पस्तीस, माणसांच्या तोंडाचे नुसते चौकोन. आज एकाहत्तर, परत लख्ख! आता सांग, यात माझं काय चुकलं?

चौथ्या दिवशी नळ येतो. मार्चमध्ये यांनी गच्चीवर दोन हजार लिटरची नवी टाकी बसवली, तेव्हापासून जीव सगळा त्या टाकीत. ती भरली की चेहरा खुलतो, रिकामी होत आली की वर जाऊन बोटानं ठोकून बघतात आणि माझ्यावर खेकसतात. माझी फिकीर वेगळीच. नऊ दिवस राहिले रे. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. लवकर काहीतरी सुचव, म्हातारीवरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

*

पुणे
१७ मे २०१६

ती. सौ. आत्यास शि. सा. नमस्कार.

सापडलं! मी अँटेना बसवला तेव्हा टाकी नव्हती. काकांनी ती नेमकी अँटेनाच्या पुढ्यात, टॉवरच्या बाजूला ठेवली असणार. रिकामं प्लॅस्टिक लहरींना अडवत नाही, पाणी अडवतं. म्हणून नळ आला की चॅनल जातं, आणि टाकी आटली की परत येतं. तुझा डबा अगदी शहाणा आहे.

पण काळजीची गोष्ट पुढंच आहे. दहा, चौदा, अठरा आणि मग बावीस. म्हणजे रविवारीच नळ येणार. सांडू वायरमनला बोलावून अँटेना दुसऱ्या कोपऱ्यात हलवून घे. तो नाहीच मिळाला, तर रविवारी बारापर्यंत टाकी भरू द्यायची नाही, दुसरा इलाज नाही. काकांना खरं सांगून टाक आत्या. चारुतासाठी एक दिवस टाकी रिकामी ठेवा म्हणावं. मला हे लिहितानाही भीती वाटते, तुला तर बोलायचंय. आशीर्वाद असू दे.

हिमांशू

*

उस्मानपुरा
२२ मे २०१६

चि. हिमांशूस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं ते यांच्याच हातात पडलं. फोडलेलं पाकीट मला आणून दिलं. सांडू नव्या इमारतींच्या कामावर, आठवडाभर मिळणार नाही म्हणाला.

आज आठला नळ आला. एरवी तोंड धुवायच्या आधी मोटार लावतात. आज मोटारीला हातच लावला नाही. खाली अंगणात उभं राहून बादल्या, घागरी, कुकर, माझं लग्नातलं तपेलंसुद्धा भरून घेतलं. मला वाटलं, आता याच माणसाच्या छातीत दुखणार! पावणेअकराला स्वतः डबा चालू केला आणि खुर्चीत बसले. चौऱ्याहत्तर होता आकडा.

चारुता आली. लई वाळलीय रे, उन्हानं काळवंडलीय. ओठ हलताना दिसत होते, खाली अक्षरं नाहीत. मी यांना विचारत राहिले, काय म्हणते, काय म्हणते. मग माझ्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडून सांगायला लागले, ती म्हणते पाणी दोनशे फुटांखाली गेलंय, ती म्हणते बाया तीन कोस चालतात. लेकीचं एकेक वाक्य बारा मिनिटं ओरडून सांगितलं. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. शेवटचं वाक्य मात्र नाही सांगितलं. मी विचारलं तर हात हलवला आणि मोटार लावायला म्हणून उठून गेले. नळ तोवर कधीच गेला होता.

चार दिवस बादल्यांवर काढायचे. काढू. तुला माझी दृष्ट न लागो.

तुझी आत्या

*

उस्मानपुरा
३० मे २०१६

चि. हिमांशू यास आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, सांडूकडून अँटेना पूर्वेच्या कोपऱ्यात हलवून घेतला आहे. टाकी पूर्ण भरलेली असताना आज आकडा अठ्ठ्याहत्तर. तुझं मागचं पत्र मी फोडलं, ती माझी चूक.

कार्यक्रमात कोरड्या विहिरींची संख्या सांगितली, पण ती कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हे सांगितलं नाही. सरकारी आकडा असा मोघम देऊ नये. हे संबंधितास लेखी कळवायचं आहे. तरी चारुताचा पत्ता पिन कोडसह पाठवावा. तुझ्या आत्याकडे तो आहे, पण तिला विचारलं तर ती आधी चंपाबाईंना पेढे देऊन येईल.

तुझ्या घरी सर्वांना नमस्कार. काकांविषयी मनात काही ठेवू नये.

श्रीधर

ता. क. तिच्या नावाची पट्टी पडद्यावरून झरकन गेली, आडनाव वाचता आलं नाही. तेही लिही. पाकिटावर चुकायला नको.