डावं मी बघते

प्रिय अहो,

लग्नापासून कधी तुमचं नाव घेऊन हाक मारली नाही, ते आता कागदावर तरी कुठून उतरणार? पाकिटावरचं नाव माझ्या भावाकडून, नवनाथकडून लिहून घेतलं आहे. तो आज कामासाठी शेलूला येतो आहे, नर्सरीत येऊन हातात देईल. फोन केला असता, पण माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता, मग रोपांना पाणी घालणाऱ्या बायकांपासून दारातल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे ऐकत बसतात. आजचं बोलणं स्पीकरवर टाकण्यासारखं नाही. तेव्हा चष्मा लावा आणि कागद जरा उजवीकडे धरून वाचा. उजवीकडे का, ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि पनवेलच्या त्या डॉक्टरांना माहीत आहे.

इथे खालापुरात माझं बरं चाललं आहे. भावजय काही विचारत नाही. सकाळी भाकऱ्या थापताना माझ्याकडे बघते आणि एक भाकरी जास्त टाकते. नवनाथला वाटतं आहे की तुमचं माझं नेहमीसारखं काहीतरी वाजलं असेल, दोन दिवसांत तुम्ही न्यायला याल. मीही पहिले दोन दिवस गेटचा आवाज आला की बाहेर बघत होते. आता बघत नाही. जास्वंदीच्या नव्या कलमांवर सावलीची जाळी टाकलीत का? आणि टेंपोत कोंबड्या बसू देऊ नका. बंद पडला म्हणून त्याचं खुराडं करायची गरज नाही. त्या टेंपोनं आपल्याला उभं केलं आहे.

त्या टेंपोला डाव्या बाजूचा आरसा कधी टिकलाच नाही. पहिला चिंचेच्या फांदीनं गेला, दुसरा कुणाच्या तरी फाटकाला लागून. तिसरा बसवू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तू असताना आरसा कशाला पायजे गं?" आणि मी वेडी त्या एका वाक्यावर वीस वर्षं त्या फाटक्या सीटवर बसले. उरुळीहून रोपं भरून घाट उतरायचो, फार्महाऊसवाल्यांना आंबा नि सुपारी पोचवायचो, लॉनच्या गुंडाळ्या टाकायचो, आणि सगळ्या वाटेनं डावीकडचं मी बघायचे. खिडकीतून मान बाहेर काढून मागचं बघायचं आणि सांगायचं. दोनच शब्द होते आपले. मोकळं असलं की "घ्या". नसलं की "थांबा".

आणि विचारायचात कसं? घरात मी "अगं", नाहीतर "हर्षदची आई". तुमच्या आईसमोर तर तेवढंही नाही, नुसता घसा खाकरायचात. पण रस्त्यावर एखादा कंटेनर मागे टाकला आणि डावीकडे यायची वेळ आली की म्हणायचात, "सुनिता?" एवढंच. माझं नाव आणि पुढे प्रश्न. मी "घ्या" म्हटलं की डोळे मिटून गाडी डावीकडे घ्यायचात. खोपोलीच्या वर, जुन्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळापाशी टेंपो थांबवून माझ्या हातात नाणं द्यायचात, म्हणायचात, "टाक तू, तू बी वाटच दावतीस." मला तेव्हा केवढं कौतुक वाटायचं. त्या शिंग्रोबा धनगरानं इंग्रज साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि साहेबानं त्याला गोळी घातली असं म्हणतात, ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. पण आपल्यालाही ती कधी लागू पडेल असं कुणाच्या मनात येतं?

मग तुमचा डोळा. चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायला गेलात आणि हवेतच सोडलात. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी कप उचलत म्हटलं, पनवेलला जाऊ. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली ती गेली, परत यायची नाही, उरली आहे ती थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. जिना उतरताना तुम्ही माझा हात धरलात. भर रस्त्यात, माणसांत, तुम्ही! आणि म्हणालात, "हर्षदला बोलू नको. कुणालाच नको. शेठ आंधळा झाला म्हनतील." मी तिथेच अट घातली. मी शेजारी नसताना स्टेअरिंगला हात लावायचा नाही, गावातल्या गावातसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "तू हायेस म्हनून तर हाय मी." खरं सांगते, त्या दिवशी डॉक्टरांनी एवढं वाईट सांगितलं होतं आणि मी मात्र घरी येऊन गोडाचा शिरा केला. इतकी मी सुखात होते.

ती अट तुम्ही पाळलीत, नाही म्हणणार नाही. नर्सरी वाढली, शेलूत इमारतींवर इमारती उठल्या, प्रत्येक इमारतीला गेटपाशी झाडं पाहिजेत, तुम्ही नुसते टेंपोवाले होतात ते "नर्सरीवाले शेठ" झालात, तरी मला घेतल्याशिवाय तुम्ही गाडी काढली नाहीत. गिऱ्हाइकं हसायची, शेठ बायकोला सोडत नाही म्हणून. तुम्हीही हसायचात. त्या हसण्याखाली तुम्हाला काय टोचत होतं ते मला दिसायला हवं होतं. डावीकडचं सगळं बघणारी मी, आणि हे तेवढं दिसलं नाही.

मग दसऱ्याला ही नवी गाडी आली. शोरूममधल्या मुलीनं किती छान समजावून सांगितलं होतं. हायवेवर वेग धरला की गाडी पट्ट्यांच्या मधोमध आपली आपण चालते. लेन बदलायची असली की आपण नुसता इंडिकेटर द्यायचा. गाडी मागचं, बाजूचं बघते आणि मोकळं असलं की स्वतःच शेजारच्या लेनमध्ये सरकते. तुमचा चेहरा मी बघत होते. हर्षद झाला तेव्हाही तुम्ही एवढे उजळला नव्हतात. ती पुढे म्हणाली, "पण काका, आधी तुम्ही बघायचं हं. आरशात बघा, मान वळवून बघा. ही फक्त मदत आहे." तुम्ही मान डोलावलीत. मला माहीत होतं, पहिलं वाक्य तुमच्या कानात गेलं आणि दुसरं त्या शोरूमच्या फरशीवर पडलं.

गाडीची चुगली मी करणार नाही. गाडी चांगली आहे. पहिल्यांदा एक्सप्रेस वेवर घेतलीत तेव्हा तुम्ही डावा इंडिकेटर दिलात आणि माझ्या तोंडून सवयीनं "थांबा" गेलं, मागून एक पांढरी गाडी येत होती म्हणून. पण ती पुष्कळ लांब होती. आपली गाडी अलगद सरकली, काही झालं नाही. तुम्ही म्हणालात, "गाडीला इचारलंय, तुला नाय." पुढच्या वेळीही गाडीच बरोबर ठरली आणि मीच चुकले. मी गप्प बसायला शिकले. टोलनाक्यापासून घाटापर्यंत तुम्ही एकदाही "सुनिता?" म्हणाला नाहीत. घाट आपण एक्सप्रेस वेनंच चढलो, त्यामुळे शिंग्रोबाही राहिला. नाणं मी पदरात तसंच बांधून परत आणलं.

मग चौक गावाहून कर्जतला येतानाचा तो दिवस. तुम्ही घरी सगळ्यांना जे सांगितलंत ते मी ऐकलं. आता झालं ते ऐका. त्या रस्त्याला पट्टे नव्हते, आणि आपला वेगही बेताचा होता. तुमच्या समोरच्या पडद्यावरची, गाडी बघते आहे हे सांगणारी हिरवी खूण केव्हाच करडी झाली होती. माझं आता काही चालत नाही, असं गाडी बिचारी सांगत होती. यंत्र असून तिनं खोटेपणा केला नाही. तुम्ही डावा इंडिकेटर दिलात, तो टिकटिक करायला लागला, आणि त्या टिकटिकीला तुम्ही माझं "घ्या" समजलात. मान वळवली नाहीत. मला विचारलं नाहीत. स्टेअरिंग फिरवलंत. डावीकडे ती स्कूटरवाली बाई होती, पायाशी गॅसची टाकी घेऊन चाललेली. मी किंचाळले. तुम्ही ब्रेक दाबलात, ती घाबरून खाली शेतात उतरली आणि चिखलात आडवी झाली. लागलं नाही, हे तिचं नशीब.

माणसं जमली आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिनं एवढ्यानं बोंब मारली म्हनून माझा हात हलला." एवढ्या वर्षांत तुम्ही मला पुष्कळ बोललात, सासूबाई बोलल्या, मी कधी मनावर घेतलं नाही. पण हे? ज्या आवाजावर तुम्ही अर्धं आयुष्य डोळे मिटून गाडी वळवलीत, तो आवाज बोंब झाला? ती बाई साडीचा चिखल पुसत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्यांना मी दिसलेच नाय का वो?" तुम्ही तोवर दार उघडून सांगत होतात, "उद्यापास्नं तू मागं बसायचं." उद्यापासून कशाला, मी त्याच क्षणी मागे जाऊन बसले. पुढच्या सीटवर तुम्ही तुमची बॅग ठेवलीत. मला राग बॅगेचा आला नाही. तुम्हाला हायसं वाटलं, त्याचा आला. मागून तुमचे खांदे दिसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सैल झालेले खांदे. तेव्हा मला कळलं की माझं "घ्या" तुम्हाला आधार वाटतच नव्हतं, ओझं वाटत होतं. बायकोला विचारून वळायचं याची तुम्हाला लाज वाटत होती, आणि मी ती सीट म्हणजे माझा संसार समजत होते.

एवढंच असतं तरी मी गिळलं असतं. बायका काय काय गिळतात, त्यात हे एक. पण त्या रात्री जेवताना तुम्ही नातीला सांगितलंत की रविवारी चित्रकलेच्या स्पर्धेला पुण्याला आजोबाच नेणार, आपण दोघंच जायचं. भाविका टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, मी पुढं बसणार!" तुम्ही म्हणालात, "मग कुठं? पुढंच बस." नऊ वर्षांची पोर. तुमच्या डाव्या बाजूला. तिला बिचारीला काय माहीत त्या सीटवर बसणाऱ्याचं काम काय असतं? मी मोरीत येऊन तुम्हाला म्हटलं, अट आठवा. तुम्ही म्हणालात, "आता गाडी बघते ना, तुजी गरज नाय." मी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली.

म्हणून हे पत्र. तुम्ही न्यायला यावं म्हणून लिहिलेलं नाही. काल हर्षद आणि सूनबाई निशिगंधा भाविकाला घेऊन इथे आले होते. मी दोघांना समोर बसवलं आणि तुमच्या डोळ्याचं सगळं सांगितलं. चहाचे कप, पनवेल, थेंब, चिखलात पडलेली ती बाई, सगळं. निशिगंधा भाविकाला जवळ ओढून घेऊन रडली. हर्षद तुमच्यासारखाच नुसता घसा खाकरत बसला. रविवारी भाविका तुमच्या गाडीत बसणार नाही. आज जेवताना हर्षद तुमच्याकडे चावी मागेल. तुम्ही म्हणाल, सुनितानं दगा दिला. म्हणा, निदान त्या निमित्तानं माझं नाव तरी घ्याल. अट तुम्ही मोडलीत, मग गप्प राहायचं मी कुणासाठी? चावी द्या, पोरावर ओरडू नका, आणि रात्रीचे थेंब चुकवू नका. हर्षद जेवायला तुमच्या डाव्या हाताला बसतो. तिथूनच हात पुढे करेल, आणि तो हात येताना तुम्हाला दिसणार नाही. म्हणून सवयीनं, शेवटचं, आधी सांगते आहे. डावीकडून येतंय. थांबा.

अजूनही तुमचीच,
सुनिता