डाव्या पंपाचा कोन

२ सप्टेंबर, मंगळवार
खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतल्या हॅमर प्रवाळाची डावी बाजू पुन्हा आक्रसली. टाकीत चिमूटभर खाद्य सोडून पाहिले. कण उजव्या काचेपर्यंत जातात, वळतात आणि खडकामागे येऊन निपचित पडतात. म्हणजे तिथे प्रवाह नाही. पंप वाढवला तर हॅमरचे मांस सांगाड्यावर घासते. कमी केला तर घाण बसते. मधले काही सापडत नाही.
अनिकेतचा मस्कतहून फोन. "बाबा, हॅमर कसाय?" सांगितले. मग "आईला द्या." टाकी त्याची, हॅमर त्याने कॉलेजात असताना आणलेला, नोकरीला गेल्यापासून निगा माझी. आम्हां दोघांत बोलण्यासारखा हा एकच विषय उरला आहे. हॅमर गेला, तर फोन थेट आईलाच जाईल.

११ सप्टें., गुरुवार
दुपारपासून वीज नाही. अ.ने इन्व्हर्टरची जोडणी अशी केली आहे की वीज गेली की टाकीवरचा दिवा विझतो, पंप मात्र चालत राहतात. "अंधारात प्रवाळ जगतं बाबा, थांबलेल्या पाण्यात नाही." जाताना एवढेच सांगून गेला. निरोपाचे वेगळे काही बोलला नाही.
सापगावचा दूधवाला गोमा टाकीपाशी उभा. "काका, मासा नाय, काय नाय. फुलाला पंखा लावलाय जनू!" सौ. आतून, "त्यांना इचारू नको रे, दूध नासंल तवर बोलतील." बोललोही असतो. तो थांबला नाही.

२७ सप्टें., शनिवार
जमले. लिहितानाही विश्वास बसत नाही. डावा पंप किंचित खाली, तोंड समोरच्या काचेकडे नव्हे, कोपऱ्याकडे. प्रवाह काचेवर आपटून फुटतो. हॅमरपाशी पोहोचतो तेव्हा त्यात जोर नसतो, पण हालचाल असते. भातावरून वारा जावा तसे मांस झुकते, उठते. डावी बाजूही थोडी बाहेर आली.
अ.ला व्हिडिओ पाठवला. उत्तर : "बाबा!! आता कशालाही हात लावू नका." मग फोनच आला. भातगिरणीतल्या माझ्या कामाचे विचारले, गुडघ्याचे विचारले. आईला द्या म्हणायचे विसरला.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
सकाळी मुरबाडला गिरणीत पूजा. भात भरडण्याचे यंत्र थांबवून, पुसून झेंडूची माळ. माळ मी घालतो. हिशेबनीस म्हणून तो मान माझा.
घरी आलो. स्कूटरला हार. पाटावर ओळीने मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री, सगळ्यांना हळदकुंकू. ओळीच्या शेवटी, सौ.ने टाकीतून काढून आणलेला डावा पंप.
"अवो, दिसरात फिरतंय बिचारं. गिरनीच्या मशिनीला इसावा देता, मंग ह्याला नको?"
कुंकू धुऊन तिनेच परत लावला. "व्हता तितंच लावलाय."
होता तिथे नाही. आणि नेमका कुठे होता, हे मलाही सांगता येत नाही. खूण केली नव्हती. काचेवर डाग नको म्हणून.
तिला काय बोलणार? माझ्या बोटांना अजून झेंडूचा वास होता.

५ ऑक्टो., रविवार
दिवसभर कोन. थोडा वर, थोडा आत, पुन्हा खाली. त्या शनिवारी हात जसा गेला तसा आता जात नाही. हॅमरचे मांस डावीकडे सांगाड्यावरून सुटू लागले आहे. खालचे पांढरे दिसते. सौ. येता-जाता "जमलं का?" विचारीत होती. नंतर विचारणे सोडले. संध्याकाळी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. कशासाठी, ते मी विचारले नाही.

१२ ऑक्टो., रविवार
डावी बाजू गेली. उजवीकडे हॅमरचे एकच जिवंत तोंड उरले आहे.
अ.चा मेसेज, "व्हिडिओ?" गिरणीत काम आहे असे लिहिले. आज गिरणी बंद असते, हे त्याला माहीत...

१९ ऑक्टो., रविवार
दोन्ही पंप बंद केले की उरलेले तोंड फुगते. अडवायला प्रवाहच नसल्याने मांस सगळे बाहेर येते. थोडा वेळ अगदी निरोगी दिसते. हे सुधारणेचे लक्षण नव्हे, हे मला नीट ठाऊक आहे.

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज
सौ. माहेरी. अ.चा व्हिडिओ कॉल येणार होता. आधीच दोन्ही पंप बंद करून ठेवले. फोन उजव्या बाजूने धरला.
"अरे वा, फुललाय की!" मग, "बाबा, पाणी का हलत नाहीये?"
"वीज गेली आहे."
"दिवा चालू आहे, बाबा."
दोन्ही पंप सुरू केले. मांस आत गेले, पांढरे उघडे पडले. फोन डावीकडे नेला, तेही दाखवले. त्याने फोन ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी पंखा फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता.
बऱ्याच वेळाने, "डावा जरा खाली घ्या."
बाही वर सारून हात पाण्यात घातला. खाली घेतला. मांस बाहेर आले नाही.
"अजून," तो म्हणाला.