पूर्वेला उतू गेलेलं दूध

प्रिय रविराज,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण भावाला पत्र लिहायची दुसरी रीत मला कोणी शिकवलेली नाही, म्हणून राहू देते. पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की दोन हात जोडलेलं चित्र पाठवून विषय मिटवतोस. कागदावर तशी सोय नाही. हे तुझ्या तेजस्विनीच्या हाती पडलं तरी माझी काही हरकत नाही. तिने खुशाल मोठ्याने वाचावं, तेही तुमच्या त्या काचेच्या शेगडीसमोर, तुमच्या भाषेत हॉबसमोर, उभं राहून.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. देवळालीची हवा तिला मानवली. सकाळी माझ्याबरोबर कॅम्पातल्या बाजारात भाजीला येते, तोफांचा सराव सुरू झाला की कानावर पदर घेऊन "आज लय जोरात चाललंय" म्हणते. फक्त गॅसला हात लावत नाही. माघात तुझ्या घरून आली तेव्हापासून नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते, मेथी निवडते, कणीक मळून झाकून ठेवते आणि मग माझी वाट बघत राहते. चहाची तल्लफ आली तरी मी शाळेतून येईपर्यंत तशीच थांबते. गावात कोणाच्याही घरी लग्न असलं की आमटीचं पातेलं आईच्या हवाली करत, ती ही कुसाबाई. परवा मी घरात असताना तिने मला विचारलं, "तृप्ते, दूध तापवू का गं? का नको?" मला तुझा संताप आला, कारण हा प्रश्न तिच्या तोंडात तू घातलास.

तुझ्या हॉबपासूनच सुरू करते, कारण तुझ्या बोलण्याची सुरुवात आणि शेवट गेले वर्षभर तोच होता. गंगापूर रोडचा फ्लॅट घेतलास याचं आम्हाला कौतुकच होतं. पण तू आम्हाला ना खिडक्या दाखवल्यास, ना आईची खोली. व्हिडिओ कॉलवर दाखवलास तो हॉब. काळी काच, सोनेरी नॉब, काडी लागत नाही, नुसता फिरवला की आपोआप पेटतो. आणि वर म्हणालास, "ताई, ज्योत विझली तर आपोआप बंदही होतो." अंबडच्या एवढ्या मोठ्या कंपनीतला मॅनेजर सांगतोय म्हटल्यावर आम्ही मान डोलावली. मागे तुझे दाजी, योगेश, काही कामाने तू हॉब घेतलास त्याच दुकानात गेले होते, तेव्हा त्यांनी सहज चौकशी केली. दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, आपोआप बंद होणारा शेजारीच मांडला होता, पण साहेबांना त्याचे नॉब आवडले नाहीत. म्हणजे पेटण्याचं त्याने सांगितलं आणि बंद होण्याचं तू तुझ्या पदरचं जोडलंस. जे आपणहून पेटतं ते आपणहून विझेलही, असा तुझा हिशोब. लहानपणी तुला राग आला की तो आपोआप जायचा नाही, एवढं तरी आठवायला हवं होतंस.

सिलिंडरचीही तीच तऱ्हा. तो दिसला तर किचन 'डाउनमार्केट' दिसतं म्हणे, म्हणून ओट्याखाली बंद कपाटात कोंबलास. सुताराने दाराला खालून जाळी ठेवू का विचारलं, तर तू त्याला लूक बिघडेल म्हणून गप्प केलंस. गॅस जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो, हे आमच्या शाळेतली सातवीची पोरं सांगतात. तू इंजिनिअर आहेस, तुला कोण सांगणार?

आई काही मोठी शास्त्रज्ञ आहे असं माझं म्हणणं नाही. दिंडोरीच्या घरी पहिला सिलिंडर आला तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि पहिले काही दिवस पेटवताना ती ओट्यापासून इतकी लांब उभी राहायची, की काडी बर्नरपर्यंत पोचायच्या आतच विझायची. तूच हसून गडाबडा लोळायचास. पण एकदा भीती गेल्यावर तिने त्या गॅसचं सगळं शिकून घेतलं. आधी काडी, मग नॉब. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. बर्नरची भोकं सुईने साफ करायची. निजायच्या आधी रेग्युलेटर बंद, आणि बंद केला की नाही हे बघायला पुन्हा एक चक्कर. आपल्याला त्याचा वीट यायचा. आणि दूध तापवताना ती नॉबवर हात ठेवून उभी असायची, कोणी हाक मारली तरी हलायची नाही. तीच शेगडी शेजारच्या भागीबाईला देऊन ती तुझ्याकडे राहायला आली, कारण तू म्हणालास, आई, आता तुला कशाची ददात नाही.

आता वास्तुशांतीचा दिवस. तुला तो आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण मी हळदकुंकवाचं ताट घेऊन तिथेच उभी होते. नव्या घरात दूध उतू घालवायचं, ते पूर्वेला सांडलं तर बरकत. चुलीवर दूध उतू गेलं की निखारे चरचरतात आणि लोक टाळ्या वाजवतात, तेवढंच. गॅसवर उतू गेलं की ज्योत विझते आणि गॅस वाहत राहतो, हे काही अवघड गणित नाही. दूध वर आलं, बरोबर पूर्वेला सांडलं, काळ्या काचेवर पांढरा ओघळ धावला, तेजस्विनीच्या मोबाइलमध्ये छान आलं. ज्योत विझली. आईने नॉबकडे हात नेला, आणि तू तिचं मनगट धरून म्हणालास, "आई, राहू दे गं, ते आपोआप बंद होतं." तुझ्या कंपनीतले दोघे-तिघे हसले. आईने हात मागे घेतला. मग होमाचा धूर नव्या किचनमध्ये जाऊ नये म्हणून तू काचेचं सरकतं दार लावून घेतलंस आणि पाटावर जाऊन बसलास.

होम पेटला, तूप पडायला लागलं, धूप तर आधीपासून होताच. थंडी म्हणून खिडक्या बंद. आई किचनच्या दाराजवळ बसली होती. तिलाच आधी वास आला. तिने तुला हाक मारली, "रव्या, लय वास येतोय रे, गॅस बघ आधी." तू आहुती देता देताच म्हणालास, "नव्या फर्निचरचा वास आहे, आई." मग ती उठली. आणि तिने काय केलं? कलश उचलला आणि त्यातलं पाणी होमात ओतलं. होम चरचरला, सगळा हॉल धुराने भरला. गुरुजी ओरडले, तुझी सासू "अगंबाई, अपशकुन!" म्हणून उठली. आई कोणाकडेही बघत नव्हती. तिने मला समया विझवायला लावल्या, बाल्कनीचं दार सताड उघडलं, मग किचनचं दार सरकवलं. तो वास तुझ्याही नाकात गेला असणारच. तिने नॉब बंद केला, खाली वाकून कपाटातला रेग्युलेटर बंद केला. तू मागून धावत आलास आणि चिमणी लावून गॅस ओढून घ्यावा म्हणून बटणाकडे हात नेलास. तिने तुझ्या हातावर फाडकन मारलं. "बटनाला हात लावू नको, ठिणगी पडंल!" इतक्या जोरात, की पाहुण्यांना बाहेरपर्यंत ऐकू गेलं.

देवभोळी बाई आहे ती. सिलिंडरला कुंकू लावणारी. स्वतःच्या मुलाच्या वास्तूचा होम तिने आपल्या हाताने विझवला, तेव्हा तिच्या मनाचं काय झालं असेल याचा तू एकदाही विचार केला नाहीस. तू विचार केलास तो कंपनीतल्या साहेबांसमोर पडलेल्या फटक्याचा. पाहुणे दारात आले तेव्हा आईचा हात खात्रीसाठी पुन्हा रेग्युलेटरवर गेला होता. तेवढंच त्यांनी पाहिलं, आणि तुला तेवढं पुरलं. "वय झालंय, मधेच उठून चहा ठेवायला गेली असेल, गॅस चालूच राहिला," असं तू किती सहज बोलून गेलास. मी म्हटलं, रवी, वास येईपर्यंत ती जागेवरून हलली नव्हती. तू म्हणालास, ताई, आत्ता नको, पाहुणे आहेत. पाहुणे गेले, तरी तुझं 'आत्ता नको' काही संपलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि संन्यासी कोण, तर जन्मदाती आई.

पुढे तू ती कथा वाढवत नेलीस. मामांना सांगितलंस, तेजस्विनीच्या माहेरी सांगितलंस, भागीबाईपर्यंत पोचली. होम विझवला म्हणजे भ्रमिष्टच झाली, असं आता गावात बोलतात. 'थोडे दिवस हवापालट' म्हणून तू तिला माझ्याकडे सोडलंस, आणि दर फोनला एकच पालुपद, आई, गॅसजवळ जाऊ नकोस हं. एखादी गोष्ट प्रेमाच्या आवाजात रोज सांगितली की ती खरी वाटायला लागते. आधी ती म्हणायची, "म्या तं हात पुढं केला व्हता, रव्यानंच धरला." मग म्हणायला लागली, "केला व्हता ना गं?" आणि आता म्हणते, "आसंल बाई, मीच इसरले आसंल." तिची बुद्धी शाबूत आहे, रवी. कॅम्पातल्या भाजीवालीने मागच्या आठवड्यात काय भाव लावला होता तेही तिला आठवतं. फक्त स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला आहे, आणि तो तू घालवलास, चारचौघांत नाक वर राहावं म्हणून. तुझ्याबद्दल मला आता राग कमी आणि कीव जास्त वाटते, आणि कीव रागापेक्षा वाईट असते हे लक्षात ठेव.

हे सगळं आजच का लिहितेय, तर काल तुझा फोन आला तो तिने उचलला. इगतपुरीला डोंगराकडे तोंड करून एक छान वृद्धाश्रम आहे, स्वयंपाकाची कटकट नाही, रविवारी गाडी घेऊन येतो, असं तू तिला सांगितलंस. तिने एका शब्दानेही विचारलं नाही का म्हणून. लुगडी घडी करून पिशवीत भरली आणि मला एवढंच विचारलं, "तिथं देवापुढं दिवा लावू देत्यात का गं? का तोबी नाय?" त्याचं उत्तर मी तुला देते. पिशवी मी रिकामी केली आहे, लुगडी माझ्या कपाटात परत ठेवली आहेत. ती कुठेही जाणार नाही. तरी तू रविवारी ये. माझ्या ओट्यापाशी उभा राहा आणि तिला सांग की आई, तू हात पुढे केला होतास, मीच तो धरला. गाडीतून येताना हवं तर पाठ करत ये. मग ती चहा करेल. माझी शेगडी जुनी आहे, ती आपोआप पेटत नाही. काडी तिच्या हातात तू द्यायची, आणि ती पेटवेपर्यंत मध्ये एक शब्द बोलायचा नाही. एवढं जमणार नसेल, तर गाडी कॅम्पातूनच माघारी वळव.

रक्ताचं नातं पुसता येत नाही म्हणून तुझीच,
तृप्तीताई